‘मनात येईल ते काढा’ म्हणणं आधी बंद करा

प्रश्न: घणसोलीच्या एका शाळेत मी यंदापासून सहावी ते आठवीला चित्रकला शिकवते. वर्गात ५८ मुलं, तास ३५ मिनिटांचा. ‘मनात येईल ते काढा’ म्हटलं की निम्मी मुलं डोंगरामागचा सूर्य काढतात, काही जण मोबाइलवर पाहिलेलं ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, उतरवतात आणि उरलेली ‘टीचर, मला येत नाही’ म्हणून बसून राहतात. मुख्याध्यापकांना एलिमेंटरीचा, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेचा, निकाल हवा आहे. मुलांची कल्पकता वाढवायची तर सुरुवात कुठून करू?

उत्तर:

त्या वाक्यापासूनच करा. ‘मनात येईल ते काढा’ ऐकायला फार उदार वाटतं. नोकरीची पहिली पाच-सहा वर्षं मीही तेच म्हणत होते. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली, आता ऐरोलीत शनिवारचा वर्ग घेते, आणि माझं मत पुरतं उलटं झालंय. या वयाच्या मुलांना मोकळीक दिली की ती पाठ असलेलं काढतात. अडचण दिली की डोकं चालवतात.

डोंगरामागचा सूर्य घ्या. दोन त्रिकोण, मधून अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, एक झोपडी, एक नारळ आणि आभाळात बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी. हे दृश्य मुलाने कुठेही पाहिलेलं नसतं, पाढ्यासारखं ते हाताला पाठ झालेलं असतं. तुमच्याकडे त्यावर घरचंच औषध आहे. शाळेच्या गच्चीवरून पारसिकचा डोंगर दाखवा. लांबच लांब पाठ, टोक असं कुठे नाहीच, कुठेतरी खाणीने खरवडलेला उघडा कडा, पायथ्याला दाटीवाटीची घरं. मग विचारा, ‘तुझ्या चित्रातला सूर्य उगवतोय की मावळतोय?’ मूल गप्प होतं, कारण हा प्रश्न त्या चित्राला आजवर कुणी विचारलेलाच नसतो. घणसोलीत डोंगर पूर्वेला आणि खाडी पश्चिमेला, म्हणजे सूर्य डोंगरामागे असेल तर ती सकाळ. सकाळ असेल तर रस्त्यावर कोण असेल? दूधवाला, स्कूल बस, रात्रपाळी करून घरी येणारी माणसं. झोपडीच्या जागी आपोआप काहीतरी वेगळं येतं. त्रिकोणी डोंगर काढणाऱ्यावर मी रागावत नाही, फक्त त्याच्या चित्रात किती वाजलेत ते विचारते.

आता ‘येत नाही’ म्हणणाऱ्यांकडे वळू, कारण खरा पेच तिथे आहे. तिसरीतलं मूल निळा हत्ती काढतं आणि अभिमानाने तुमच्यापुढे धरतं. सातवीत तेच मूल कागदावर हात आडवा धरून चित्र झाकतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियात जन्मलेल्या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण नऊ ते बारा या वयात मुलाला वस्तू खऱ्यासारखी दिसावी अशी ओढ लागते आणि बारा ते चौदात ते स्वतःच्या कामाचं कडक परीक्षक होतं, असं त्यात आहे. ही वयं प्रत्येक मुलाला तंतोतंत लागू पडत नाहीत, पण मूळ गोष्ट आपल्याला वर्गात रोज दिसते. डोळा पुढे पळालाय आणि हात मागे राहिलाय. ‘येत नाही’चा अर्थ ‘चुकलेलं दिसतंय, पण सुधारायचं कसं ते कळत नाही’ असा असतो. अशा मुलाला ‘येतं रे तुला, छान काढतोस’ म्हटलं की त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो. त्याला दिसतंय ना!

म्हणून पहिलं काम असं द्या, की ते कुणालाच धड जमणार नाही. माझं ठरलेलं काम बुटाचं. सगळ्यांनी एका पायातला बूट काढून बाकावर ठेवायचा. (हा तास पावसाळ्यात घेऊ नका. मी एकदा जुलैत घेतला आणि पुढचा गणिताचा तास शेजारच्या रिकाम्या वर्गात भरवावा लागला.) हातात बॉलपेन, म्हणजे खोडरबराचा प्रश्नच नाही. नजर बुटावर, कागदाकडे अजिबात पाहायचं नाही. बुटाच्या कडेवरून एक मुंगी चालतेय असं समजायचं. ती जेवढी सरकेल तेवढंच पेन सरकेल, ती लेसच्या गाठीत शिरली तर पेनही शिरेल. पाच मिनिटं पेन उचलायचं नाही.

पाच मिनिटांनी कागद वर धरायला सांगा. कुणाचा बूट करंजीसारखा, कुणाचा फुटलेल्या शहाळ्यासारखा. वर्ग हसतो, पण सगळेच सगळ्यांना हसतात, त्यामुळे ते हसणं कुणालाच लागत नाही. वर्गातला ‘चित्रकार’ मुलगाही तिथे बाकीच्यांच्या रांगेत येतो. मग तोच बूट पुन्हा, या वेळी कागदाकडे बघत, दहा मिनिटं. दोन चित्रं शेजारी ठेवून विचारा, कुठली रेघ जास्त खरी वाटते? बरीच मुलं वेड्यावाकड्या चित्रातल्या एखाद्या रेघेवर बोट ठेवतात, लेसच्या टोकावर, दुमडलेल्या जिभेवर. माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षभर कोरा कागद देत असे. त्याच्या दुसऱ्या चित्रात टाचेची बाहेरची बाजू तिरकी झिजलेली होती. मला वाटलं हात चुकलाय. बूट उचलून पाहिला तर टाच खरंच तशी झिजली होती. ‘मी बाहेरच्या बाजूने पाय टाकतो बाई, आईपण ओरडते,’ एवढंच म्हणाला. त्या दिवशी सगळ्या वर्गात नीट पाहिलेली वस्तू त्याच्या एकट्याच्या कागदावर होती.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होईल. आठवीतल्या एका मुलीचं चित्र आंतरशालेय स्पर्धेला जायचं होतं. मासुंदा तलाव आणि काठावरचे घोडागाडीवाले. घोड्याचे पाय तिला जमेनात. मी ‘आण बरं’ म्हणत तिची पेन्सिल घेतली, पाय काढले, मग मान जरा सुधारली, मग पाण्यातलं प्रतिबिंब. दहा मिनिटांचं काम. चित्राला दुसरं बक्षीस मिळालं. प्रार्थनेच्या वेळी नाव पुकारलं तर मुलगी जागची हलली नाही. नंतर स्टाफरूमच्या दाराशी येऊन म्हणाली, ‘बाई, सर्टिफिकेट तुम्हीच ठेवा. घोडा तुमचा आहे.’ त्या वर्षात तिने माझ्या तासाला पुन्हा घोडा काढला नाही, माणूससुद्धा टाळत होती. तेव्हापासून मुलांच्या कागदावर माझी पेन्सिल टेकत नाही. दाखवायचंच असेल तर शेजारी रद्दीच्या कागदावर दाखवते आणि तो कागद चुरगाळून टाकते, नाहीतर मूल त्याचीच नक्कल करतं.

वर जी अडचण म्हटली, ती कशी द्यायची ते एका कामावरून सांगते. इतक्या वर्षांत मला सर्वांत जास्त दिलं ते याच कामाने. घोडबंदर रोडची मुलं काय किंवा तुमची घणसोली-कोपरखैरण्याची काय, रोज बिल्डिंगी बघतात. ‘बिल्डिंग काढा’ म्हटलं की एक उभा आयत आणि त्यात चौकोनांची जाळी. म्हणून मी बिल्डिंग देतच नाही, एक खिडकी देते. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर आधीच छापलेली एकसारखी खिडकीची चौकट. झेरॉक्सला काढून आणायची. अट एवढीच, की खिडकी बाहेरून दिसतेय, आत राहणारं माणूस दाखवायचं नाही आणि तरी आत कोण राहतं ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

पहिली दहा मिनिटं कुरकुर होते. ‘बाई, माणूस नाही काढायचा तर कसं कळणार?’ उत्तर देऊ नका. फार तर म्हणा, ‘तुमच्या समोरच्या बिल्डिंगीत कोण राहतं ते तुम्हाला कसं कळतं?’ मग सुरू होतं. ग्रिलला अडकवलेली क्रिकेटची बॅट. दोरीवर ओळीने एकाच मापाचे पाच निळे शर्ट. डालड्याच्या डब्यातली तुळस आणि शेजारी वाळत घातलेली छत्री. एसीच्या बाहेरच्या डब्यावर कबुतराचं घरटं, काच घट्ट बंद. काचेला आतून चिकटवलेला बाराखडीचा तक्ता, अक्षरं बाहेरून उलटी दिसणारी! ती उलटी अक्षरं काढायला त्या मुलीला पूर्ण तास लागला आणि तिने तक्रार केली नाही.

एका मुलाने अख्खी खिडकी गडद तपकिरी रंगवली होती, मध्ये पडद्याची एक चुणी. मला वाटलं, कामचुकारपणा. विचारलं तर म्हणाला, ‘माझे बाबा टीटीसी एमआयडीसीतल्या कंपनीत रात्रपाळीला असतात. दिवसा आमचा पडदा बंद असतो. आम्ही टीव्हीपण आवाज बंद करून बघतो.’ मग त्याने स्वतःहूनच खालच्या कोपऱ्यात, पडदा जरा सरकलेला, फटीतून टीव्हीचा निळा उजेड टाकला. हे त्याला ‘तुमच्या मनातलं काढा’ म्हणून सुचलं नसतं. ‘माणूस काढायचा नाही’ या अटीने सुचलं.

शेवटी सगळ्या खिडक्या व्हरांड्याच्या भिंतीवर सात-आठच्या ओळीत लावायच्या. तुमच्या वर्गाची आठ मजल्यांची बिल्डिंग होते. कुणाची खिडकी साधी, कुणाची भारी, पण भिंतीवर लागल्यावर कुठलीही काढून घेता येत नाही, भोक पडतं. जे मूल वर्षभर झाकून काढत होतं, तेही मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीतल्या मित्राला आपला मजला दाखवताना सापडतं.

ॲनिमेवाल्या मुलांना हिणवू नका. चाळीस मिनिटं मान खाली घालून एक डोळा रंगवणारं मूल आपल्याला आयतं मिळालंय. फक्त त्यांच्या वह्या नीट चाळा. जवळजवळ प्रत्येक पात्राचे हात खिशात किंवा पाठीमागे. केस अप्रतिम, डोळे अप्रतिम, हात गायब. कारण हात अवघड. मी म्हणते, ‘तुझा हिरो संध्याकाळी सव्वासहाला ठाणे स्टेशनच्या पुलावर उभा आहे, एका हातात वडापाव, दुसऱ्या हाताने मोबाइल कानाला. पाठमोरा.’ पाठमोरा म्हटल्यावर डोळ्यांची सोय गेली, वडापाव म्हटल्यावर हात खिशातून बाहेर आला. मग तेच मूल आरशासमोर हात धरून बघायला लागतं. नक्कल वाईट नसते, तिच्यात अडकून पडणं वाईट. एआयने बनवलेली चित्रं दाखवायला आणणाऱ्यांनाही मी हेच करते, ‘याच्या हातात पिशवी दे आणि पेन्सिलने काढून आण.’ पुढे वाद घालावा लागत नाही.

रंगाकडे येते. बारा रंगांचा संच ही कल्पकतेची सर्वांत मोठी मारेकरी गोष्ट आहे, असं मी पालकसभेत म्हटलं तेव्हा पालक हसले होते. पण बघा, बाटलीत हिरवा आहे म्हणून सगळी झाडं त्याच हिरव्याची. मी सहावीपासून फक्त लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच पोस्टर कलर वापरू देते. पिवळ्यात निळा टाकून हिरवा होतो हे सगळ्यांना माहीत असतं. एक दिवस काळ्याची बाटली उघडून पिवळ्यात कणभर काळा टाकून दाखवा. शेवाळी हिरवा होतो, तिवराच्या पानाच्या जवळ जाणारा. मुलं ओरडतात.

मग काम देते, खाडीचा चिखल बनवा. ऐरोलीच्या बाजूने ओहोटीला खाडी पाहिली तर तो एक रंग नसतोच. पाण्याजवळचा चिखल आभाळ उचलतो, जरा वरचा शिशासारखा, तिवराच्या मुळांपाशी चॉकलेटी, वाळून तडकलेला जवळजवळ पांढरा. तीन रंग आणि पांढरा, यातून पाच चिखल करायचे, पाच पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली प्रमाण लिहायचं. हा शिस्तीचा तास आहे, जवळपास प्रयोगशाळेसारखा. पण त्यानंतर कुणाचंही पाणी नुसतं निळं येत नाही.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. त्याचा आपल्याला फायदा असा, की हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मॉडेल फुकट येतं. मुलं घरी बसून फ्लेमिंगो काढतात तेव्हा तो बबलगमसारखा गुलाबी असतो. खाडीवर नेलं की पहिली प्रतिक्रिया निराशेची. ‘बाई, हे तर पांढरे आहेत!’ लांबून एक मळकट पांढरी रेघ दिसते, पंख उघडले की लाल-काळं चमकतं. मधूनच करडे पक्षी दिसतात, ती पिल्लं. गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून, हळूहळू चढतो, म्हणून पिल्लू करडं. हे कळल्यावर एका मुलाने थवा काढला तो करड्यापासून गुलाबीपर्यंत, वयानुसार. विज्ञानाच्या बाईंनी तो त्यांच्या वर्गात लावायला मागून नेला.

ट्रिपला परवानगी मिळाली नाही तर स्वयंपाकघर आहेच. पाण्यात हळद कालवून कागदावर पट्टा ओढा, वाळू द्या, मग पानवाल्याकडच्या चुन्याच्या निवळीत ब्रश बुडवून त्यावर रेघ मारा. रेघ लालभडक उठते. कुंकू पूर्वी असंच करायचे हे सांगितलं की मुलं घरी जाऊन आजीला विचारतात. चुना तुम्ही स्वतः हाताळा, डोळ्यांत गेला तर पंचाईत. हळद उन्हात उडते हेही दिसू द्या. अर्धा कागद वहीत झाकून अर्धा खिडकीत ठेवला की आठवड्याभरात फरक दिसतो.

वारलीबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण आपल्याकडे वारलीचं फार वाटोळं झालंय. वारली आदिवासी राहतात तो पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, म्हणजे ही चित्रं आपल्या जिल्ह्याच्या मातीतली. आणि आपल्याच शाळांत ‘वारली’ म्हणजे माठाच्या गळ्याभोवती नाचणाऱ्या काड्यांची किनार! मुलांना आधी सांगा, की लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौकोनी चित्र, म्हणजे चौक, काढतात, त्यात पालघट देवी असते आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ते शोभेचं काम नव्हे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी रोजचं जगणं त्या रेघांत आणलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मासेमारीचं जाळं, वारुळ, तारपा वाजवणाऱ्याभोवती वळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग. त्यांच्या चित्राचा फोटो मोठा करून भिंतीवर लावा आणि दहा मिनिटं फक्त मोजायला सांगा. किती माणसं, किती वाकलेली, किती एकमेकांना धरलेली?

नंतर पुठ्ठ्याचे दोन छोटे त्रिकोण कापून टोकाला टोक ठेवून टाचणीने जोडायला द्या. वरचा छाती, खालचा कंबर. वरचा जरा कलवला की माणूस ओझं उचलतो, खालचा कलवला की पळतो. चेहरा नाही, तरी कळतं. चेहरा नसताना शरीर बोलतं कसं, हे शिकायला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही. मग मुलांनी त्याच दोन त्रिकोणांतून आपलं काहीतरी काढावं, लोकलमध्ये चढणारी गर्दी, दहीहंडीचे थर, पाण्याच्या टँकरपुढची रांग. फक्त चित्राखाली ‘वारली चित्र’ असं लिहू देऊ नका. ‘वारली चित्रांकडून शिकून’ असं लिहायला लावा. सातवीच्या मुलांना हा फरक व्यवस्थित कळतो, मोठ्यांना समजवावा लागतो.

मुख्याध्यापकांचा निकाल. तोही मिळतो. ग्रेड परीक्षेच्या नावाने नाक मुरडणारे कलाशिक्षक मला आवडत नाहीत. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, पालकांसाठी ती खरी गोष्ट आहे. आणि वस्तुचित्र, नक्षीकाम, भूमिती, अक्षरलेखन यांतून हाताला जी बैठक मिळते तिला तोड नाही. बिघडतं ते स्मरणचित्रात. क्लासवाले पाच चित्रं पाठ करून घेतात, बाजार, बसस्टॉप, बाग, पाऊस, जत्रा. पाचही चित्रांत उजव्या कोपऱ्यात तीच टोपलीवाली बाई. नाव स्मरणचित्र, पण आठवण कसलीच नाही, नुसतं पाठांतर.

मी शुक्रवारी एक प्रश्न विचारते आणि सोमवारी चित्र घेते. ‘शाळेच्या गेटासमोरच्या वडापावच्या गाडीवर डाव्या हाताला काय असतं?’ रोज तिथे खाणाऱ्या मुलालाही सांगता येत नाही. शनिवारी मुलं जाऊन टेहळणी करतात. फोटो काढायचा नाही, कागद न्यायचा नाही, फक्त बघून यायचं. सोमवारी कढई कुठे, झारा कुठे टांगलाय, लाल चटणीचा डबा कशाचा, पावाची लादी कशाने झाकली यावर वर्गात भांडण लागतं, आणि भांडणातून चित्र होतं. असे वर्षात पंधरा-वीस विषय झाले की परीक्षेत ‘बाजारातील दृश्य’ आलं काय नि ‘रेल्वे स्टेशन’ आलं काय, माल तयार असतो. माझ्या मुलांचा निकाल क्लासवाल्यांच्या मुलांपेक्षा कधी मागे राहिला नाही.

शेरे देताना ‘छान’ हा शब्द सहा महिने बंद ठेवून बघा. त्याऐवजी दिसेल ते बोला. ‘तू छत्रीचं पाणी ठिबकताना दाखवलंस.’ ‘इथे रेघ थांबली आणि पुन्हा सुरू झाली, का?’ मुलं अशा वाक्यांवर ‘छान’पेक्षा जास्त वेळ घुटमळतात. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींनाही हीच वाक्यं चालतात, वेगळं काही रचावं लागत नाही. चांगल्या चित्रांचा फलक लावत असाल तर तो काढा. सगळ्यांची लावा, नाहीतर कुणाचीच नको. आणि कार्यानुभवाच्या नावाखाली दुकानातून आयतं करून आणलेलं थर्माकोलचं घर आलं तर त्याला श्रेणी न देता परत पाठवा. पहिल्या वर्षी दोन-तीन पालक भांडायला येतील, दुसऱ्या वर्षी नाही.

५८ मुलं आणि ३५ मिनिटं याला कल्पकतेचं उत्तर नाही, वेळापत्रकाचं आहे. मुख्याध्यापकांकडे जोडतास मागा, पंधरवड्यातून एक मिळाला तरी रंगकाम तेव्हाच करा, बाकी तास पेन्सिल आणि पेनाचे. पाणी वाटण्यात बारा मिनिटं जातात हे मी घड्याळ लावून पाहिलंय, म्हणून दोन बाकांत एक डबा आणि तो भरायची पाळी ठरलेली. रंग कालवायला घरात पडून असलेले इडलीचे साचे मागवा, प्रत्येक खळग्यात एक रंग, धुवायला सोपं. कागदासाठी जुन्या लग्नपत्रिका गोळा करा, मागची बाजू कोरी आणि कागद असा जाड की विकतचा परवडणार नाही. जमिनीवर अंथरायला निवडणुकीनंतरचे फ्लेक्स, उलटे घालून. कोळसा इस्त्रीवाला देतो, फक्त मुलांच्या गणवेशाचं त्याच दिवशी इस्त्रीवाल्याकडे पुन्हा जाणं होतं!

सोमवारी बुटाचा तास घ्या, पुढच्या आठवड्यात खिडक्या. चौकटीच्या झेरॉक्स साठ काढा, दोन जण नक्की पाणी सांडतात.